प्रार्थनेच्या वहीतलं नाव

रस्सा रटरटत होता, केसरीनाथ मांडववाल्याकडून आणलेल्या खुर्च्या उलगडत होता, आणि जुबेदा दारात येऊन उभी राहिली.

आत आली नाही ती. बावीस वर्षांपासूनची शेजारीण, पण दारात थांबायची रीत तिला ठाऊकच नव्हती. यायची ती थेट गॅसपाशी, झाकण उचलायची, बोट बुडवून चाखायची आणि "नमक कम है" म्हणून मोकळी व्हायची. आज मात्र उंबऱ्याबाहेर, पायातल्या चपला न काढता उभी होती.

"कलावती, अश्फाक को ले जाके तीन दिन हो गए," ती म्हणाली. "उसका अब्बा रोज चौकी पे जाके बैठता है. मिलने नहीं देते. पूछते हैं, पच्चीस तारीख को कहाँ था, किसके साथ था. हम बोलते हैं तो कहते हैं, माँ-बाप तो बोलेंगे ही. तुम लोग बोलो ना. तुम्हारे घर का तो..."

पुढचं तिच्यानं बोलवेना. तुमच्या घरचा तर माणूसच गेलाय त्या बॉम्बस्फोटात, तुमचं ते ऐकतील, असं तिला म्हणायचं होतं. पण ज्या आईचा मुलगा महिन्यापूर्वी मातीत ठेवला, तिला हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

कलावतीच्या हातातली पळी रश्श्यातच राहिली. "तू जा घरी," ती कशीबशी म्हणाली. "मी बघते."

जुबेदा गेली. कलावतीनं गॅस बारीक केला आणि पाटावर बसकण मारली. अश्फाकला पोलिसांनी का उचललं, हे साऱ्या गल्लीत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ती स्वतः, आणि दुसरी मोरीपाशी पाठमोरी बसून कांदा चिरणारी तिची सून स्नेहल.

आता कलावतीचं सांगायचं तर बाई देवभोळी, पण नुसती देवभोळी नव्हे, कष्टाळू देवभोळी. सासू राहीबाईनं गावी, दिघाशीला असताना ख्रिस्ताचं नाव घेतलं, तेव्हा तिनं एक रीत घातली होती. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव वहीत लिहायचं, आणि काय मागायचं तेही नावापुढं लिहायचं. देवाला मोघम सांगायचं नाही, असं म्हातारीचं म्हणणं. राहीबाईला लिहिता येत नव्हतं, ती नवऱ्याकडून लिहवून घ्यायची. कलावती सातवी शिकलेली, म्हणून वही तिच्याकडं आली आणि वहीला बहर आला. कोणाचा मुतखडा, कोणाची रखडलेली सोयरीक, कोणाची दारू. गल्लीतल्या हिंदू बायका यायच्या, मुसलमान बायका यायच्या, "हमारा भी लिख दो" म्हणायच्या. पॉवरलूमच्या खटखटाटात बसून कलावती रोज संध्याकाळी ती पानं मोठ्यानं वाचायची.

गेल्या महिन्यात, पंचवीस ऑगस्टला, तिचा मधला मुलगा मनोज, स्नेहलचा नवरा, कापडाचे नमुने घेऊन मुंबईला काळबादेवीला गेला. झवेरी बाजारात टॅक्सी उडाली तेव्हा तो तिथून चालत होता. एवढंच. याहून जास्त कोणालाच कळलं नाही आणि कळून करायचं तरी काय? त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी कलावती ख्रिस्ताच्या देवळात उभी राहिली आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाली, "ज्यांनी माझ्या लेकराला मारलं त्यांना मी माफ केलं." बायाबापड्या हुंदके देऊन रडल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाईच्या धीराची कीर्ती पार कल्याणच्या मंडळीपर्यंत गेली.

ती कीर्तीच नडली. गेल्या सोमवारी एक साहेब आणि एक हवालदार मनोजच्या मृत्यूचे कागद पुरे करायला घरी आले. कलावतीनं चहा दिला. चहा पिता पिता साहेब म्हणाले, "आई, एवढा धीर कुठून आणता हो?" झालं! बाईनं फडताळातून वही काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. हे बघा, आम्ही कोणाकोणासाठी मागतो. हे बघा, पोलिसांसाठीपण लिहिलंय.

साहेबांनी पानं उलटली. वीस ऑगस्टच्या पानावर त्यांचा अंगठा थांबला. तिथं कलावतीच्या ठळक अक्षरात होतं: अश्फाक. मनातला राग जावा. वाईट संगत सुटावी. मुंबईला जाणं टळावं.

"हा कोण?"

"शेजारचा. जुबेदाचा. लई तापट हो पोरगा," कलावती कौतुकानं म्हणाली.

तीन दिवसांनी, गुरुवारी पहाटे, अश्फाकला घेऊन गेले.

"आई, जुबेदाचाची काय म्हणत होती?" केसरीनाथनं आत डोकावून विचारलं.

केसरीनाथ थोरला. शाळेत कारकून, घडीचा शर्ट, खिशाला पेन. भावाच्या दफनाचं सगळं त्यानंच निस्तरलं होतं. आज चार वाजता घरी मनोजच्या आठवणीची प्रार्थना होती, मंडळीतली तीसेक माणसं यायची होती आणि कलावतीनं पुन्हा बोलावं असा पाळकसाहेबांचा आग्रह होता.

"अश्फाक त्या दिवशी कुठं होता ते चौकीवर जाऊन सांगा म्हणते," कलावती म्हणाली.

"आपण?" केसरीनाथ आतच आला. "आई, यात पडायचं नाही. सांगून ठेवतो. या गावात आपली घरं किती? बोटांवर मोजण्याएवढी. इकडच्यांनाही आपण परके, तिकडच्यांनाही परके. उद्या पेपरात आलं, की बॉम्बस्फोटात मेलेल्याच्या घरचेच आरोपीला सोडवायला गेले, तर?"

"आरोपी कसला, दादा? नुसतं बसवून ठेवलंय," बाहेरच्या खाटेवरून विकी म्हणाला. हा धाकटा, जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात टेम्पो चालवणारा. मनोज गेल्यापासून त्यानं दाढी केली नव्हती आणि कोणाशी सरळ बोललाही नव्हता. पण वाक्य पुरं करता करता त्याचा आवाज फिरला. "तरी पण पोलीस उगाच उचलतात का? एवढ्या गल्लीत त्यालाच बरा उचलला. दोन वर्षं झाली, तोंड फुगवून फिरतोय."

"विकी, त्या रात्री रात्रभर तुझ्या गाडीवर मागं बसलावता तो," कलावती म्हणाली. "हॉस्पिटलात मनोजला ओळखायला तुझ्या आधी तो आत गेला. तू भिंतीला धरून उभा होतास."

"ती रात्र झाली. दुपारचं काय? दुपारी कुठं होता, कुणाला ठाऊक?"

"मला ठाऊक आहे," स्नेहल म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. महिनाभरात या पोरीचा आवाज कोणी धड ऐकला नव्हता. जेवण वाढलं तर जेवायची, नाहीतर नाही. ती उठली, हात पदराला पुसले आणि कांद्यानं लाल झालेले डोळे तिनं थेट विकीवर रोखले.

"इथं होता. आपल्या पत्र्यावर. अकरापासून पत्र्याला डांबर लावत होता. त्या दिवशी तो ह्यांच्याबरोबर मुंबईला जाणार होता. नागपाड्याला त्याच्या मामेभावाचं शिलाईचं दुकान आहे, तिथं काम बघायला. मीच म्हटलं, अश्फाक, आज नको जाऊस, पत्रा गळतोय, उद्या जा. तो थांबला. हे एकटे गेले." तिनं श्वास घेतला. "महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. तो बरोबर असता तर दोघं गेले असते. नाहीतर दोघं गप्पा मारत दुसऱ्याच रस्त्यानं निघाले असते आणि दोघं घरी आले असते. मला काय माहीत?"

"स्नेहल, बाळ..." केसरीनाथचा कारकुनी आवाज एकदम गळून पडला.

"मोठे भाऊजी, मला बाळ म्हणू नका. चौकीवर न्या."

विकी खाली मान घालून खाटेची नवार बोटानं खरवडत राहिला. केसरीनाथ खुर्चीवर बसला. कलावतीला वाटलं, आता गप्प राहिलं तरी चालतंय. स्नेहल जाईल, सांगेल, पोरगा सुटेल. वहीचं कोणाला कळणारही नाही. स्नेहलनं ऐकलं होतं सगळं, पण ती बोलायची नाही, तेवढी गुणाची होती ती.

वाटलं तिला तसं, खरंच वाटलं. माणूस आहे.

मग ती म्हणाली, "विकी, पोलिसांनी उगाच न्हाय उचलला त्याला. मी दिलं नाव."

तिनं सगळं सांगितलं. चहा, वही, पान, आणि आपण कसं कौतुकानं बोललो तेही. काही लपवलं नाही. सांगताना तिचं तिलाच नवल वाटत होतं, की एवढी साधी गोष्ट आणि केवढी घाण.

"अगं आई!" केसरीनाथ कपाळाला हात लावून म्हणाला. "पोलिसांना कोणी वही दाखवतं का?"

"मोठेपणा आला माझ्या अंगात," कलावती म्हणाली. "तो साहेब म्हणाला, धीर कुठून आणता, आणि मी फुगले. आणि त्यातली एक ओळपण माझी न्हाय. जुबेदा रडत आलीवती माझ्याकडं. बापानं दहावीतून काढून लूमवर लावला म्हणून बापावर राग धरलाय म्हणाली. कॅरमच्या अड्ड्यावर बसतो म्हणाली. मुंबईला गेला तर हातचा जाईल म्हणाली. तिनं विश्वासानं सांगितलं ते मी परक्याच्या हातात दिलं."

केसरीनाथनं आवाज अगदी खाली आणला. "बरं, हे आपल्या चौघांत राहू दे. स्नेहल दुपारचं सांगेल, मी सोबत जातो. वहीचं नाव काढायचं नाही. पाळकसाहेबांना तर अजिबात कळू द्यायचं नाही, आई. लोक तुला किती मानतात आता."

मघाशी यात पडायचं नाही म्हणणारा केसरीनाथ आता निघायला तयार होता, आणि मघाशी संशय घेणारा विकी एकदम उसळला. "का नाही सांगायचं? त्या ओळींचा अर्थ आईशिवाय कोण सांगणार? दुपारी पत्र्यावर होता म्हटलं तरी ते म्हणतील, राग कसला, संगत कसली. आई, ऊठ. वही घे. मी गाडी काढतो."

"चार वाजता लोक यायचेत रे," केसरीनाथ म्हणाला.

"येऊ देत. तू खुर्च्या मांड," कलावती म्हणाली आणि उठली.

निघेपर्यंत पाळकसाहेब आलेच, छत्री आणि गीतांची पुस्तकं घेऊन, नेहमीप्रमाणे अर्धा तास आधी. त्यांना बाजूला घेऊन कलावतीनं दोन वाक्यांत सांगून टाकलं. केसरीनाथनं डोळे मिटून घेतले. पाळकसाहेबांनी छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली.

"जा तुम्ही, कलावतीबाई," ते म्हणाले. "आम्ही बसतो. कितीही वाजू देत."

चौकीवर तेच साहेब होते. त्यांनी दोघींना बाकावर बसवलं, पाणी मागवलं. विकी दारात उभा राहिला. मागून दहा मिनिटांनी केसरीनाथही रिक्षानं आला. खुर्च्या मांडायचं काम त्यानं नुकत्याच बाजारातून आलेल्या बायकोवर सोपवलं होतं. आईला एकटीला सोडायचा नव्हेच तो, कितीही घाबरट असला तरी.

स्नेहलनं दुपारचं सांगितलं. अकराला चढला, एकला भाकरी खाल्ली, दोनच्या सुमाराला टीव्हीवर बातमी लागली तेव्हा हातातला डांबराचा ब्रश टाकून खाली आला. हवालदार लिहीत होता. लिहून झालं तशी तिनं खाली सही केली. सहीत नवऱ्याचं नाव लिहिताना पेन अडखळलं, पण तिनं पुरं लिहिलं.

मग कलावतीनं वही उघडली आणि तीन ओळींचा अर्थ सांगितला. एकेक ओळ, बोट ठेवून.

साहेबांनी सगळं ऐकलं. "बाई, एक विचारू? तुमचा तरणाताठा मुलगा गेलाय. उद्या यातून काही निघालं, तुम्ही ज्याच्यासाठी आलात तोच त्यांच्यातला निघाला, तर?"

"तर मीच येईन सांगायला," कलावती म्हणाली. "पण आज मला जे ठाऊक हाय ते सांगितल्याबिगर मला घरी जाऊन डोळे मिटता यायचे न्हाईत. आमच्याकडं लोक यायचेत, साहेब. माझ्या लेकाची प्रार्थना हाय. मी त्यांच्यापुढं उभी राहून काय बोलू? हा आत असताना?"

साहेब उठून आत गेले. तासभर गेला. कोणाला तरी फोन झाले, कोणाची तरी वाट बघणं झालं. स्नेहलनं सासूचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. लग्न होऊन आल्यापासून या दोघी अशा बसल्या नव्हत्या. एकीनं हुकूम करायचे आणि दुसरीनं ऐकायचे, एवढाच आतापर्यंत व्यवहार.

सहाच्या पुढं अश्फाक बाहेर आला. पायात चपला नव्हत्या. उजवा कान सुजलेला होता आणि तो चालताना टाच टेकवत नव्हता. त्यानं सगळ्यांकडं एकदा बघितलं. विकीनं पुढं होऊन स्वतःच्या चपला काढल्या आणि त्याच्या पायांपुढं ठेवल्या. "घाल," तो म्हणाला. "आणि माझ्या मागं बस. हळू चालवतो."

गल्लीत जुबेदा धावतच आली आणि मुलाच्या अंगावर कोसळली. कलावती बाजूला थांबली. आता निघून गेलं असतं तर जुबेदानं जन्मभर उपकार मानले असते. अश्फाकला बाहेर काढणारी देवमाणूस म्हणून गल्लीभर सांगत फिरली असती ती.

"जुबेदा," कलावती म्हणाली, "मेरी वजह से ले गए थे इसको. तूने जो लिखाया था वो मैंने उनको दिखाया. मेरे हाथ से हुआ. मेरेको माफ कर. अश्फाक, तू पण. माफ कर मला."

जुबेदाचे हात मुलाच्या पाठीवर होते तिथंच थांबले. "मैंने तो अपना दुख बोला था तेरे को," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं कलावतीला वाटलं.

अश्फाक भिंतीला टेकून उभा होता. "अभी नहीं, चाची," तो म्हणाला. "अभी मेरे से कुछ मत बुलवाओ." आणि आत गेला.

घरी माणसं बसून होती. तीसच्या तीस. रस्सा दोनदा गरम करून आटला होता, पण कोणी पानाला हात लावला नव्हता. पाळकसाहेबांनी कलावतीकडं बघितलं तशी ती उभी राहिली.

"मी मागं तुमच्यापुढं मोठं बोलले," ती म्हणाली. "ज्यांचं तोंड मी कधी बघितलं न्हाय त्यांना मी माफ करून टाकलं. ते जमलं मला. आज शेजारच्या दारात जाऊन माफी मागितली, ती मिळाली न्हाय मला. मिळायचा हक्कपण न्हाय. माझ्यासाठी मागा तुम्ही. मनोजसाठी मागाल तसंच माझ्यासाठीपण मागा."

ती खाली बसली. कोणी रडलं नाही यावेळी. केसरीनाथ, ज्याला हे अजिबात कळू द्यायचं नव्हतं, तोच पहिल्यांदा उठला आणि आईसाठी प्रार्थना करायला लागला. शब्द धड जुळेनात त्याचे. एरवी किती शुद्ध बोलायचा.

सोमवारी सकाळी कलावती शेजारच्या दारात गेली. जुबेदानं दार उघडलं, बघितलं आणि लोटलं. मंगळवारी अश्फाकचा बाप होता. पोरगा झोपलाय म्हणाला. बुधवारी कोणी उघडलंच नाही, पण आत भांडी वाजत होती. संध्याकाळी विकी चिडून म्हणाला, "बस कर आता, आई. सोडवून आणला ना आपण?" स्नेहलनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. गुरुवारी जुबेदानं दार उघडून तसंच ठेवलं आणि आत निघून गेली. कलावती उंबऱ्याबाहेर थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं.

शुक्रवारी दार अश्फाकनं उघडलं. कानाची सूज उतरली होती. तो चौकटीला हात लावून बघत राहिला.

"कितने दिन आओगी, चाची?"

"तू म्हणशील तेवढे."

"और मैं कुछ बोला ही नहीं तो?"

"तर येत राहीन. मला दुसरं काय काम हाय, बाबा?"

त्यानं मागं वळून आईकडं बघितलं. जुबेदा गॅसपाशी होती. ती मागं न वळता म्हणाली, "धूप में खड़ी है. गिर जाएगी तो फिर हम पे आएगा."

अश्फाक बाजूला सरकला. कलावती आत गेली आणि चटईवर बसली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पाच दिवस पाठ केलेलं होतं सगळं. पण जुबेदानं तिच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला आणि तिला मनोजची आठवण आली. कशावरून आली कोण जाणे. आली ती अशी आली, की ती चटईवर आडवी झाली आणि गुरासारखी रडली. मनोज गेला त्या दिवसापासून ती अशी रडली नव्हती.

जुबेदानं गॅस बंद केला. येऊन तिच्याशेजारी बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.